भिंतीवर टांगलेली फळी

खूप जुनी गोष्ट आहे, बाळांनो, आणि बाळांच्या आयांनो, तुम्हीही ऐका. इतकी जुनी की तेव्हा त्या खाडीला नाव नव्हतं, काठावरच्या गावालाही नव्हतं. चिखल मात्र आजच्याइतकाच खोल होता.

ओहोटी लागली की खाडीचं पाणी मागं सरायचं आणि कोसभर नुसता काळा, मऊ चिखल उघडा पडायचा. त्या चिखलात तिसऱ्यांच्या शिंपल्या मिळत, चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, मिळत. गावाचं पोट त्यावरच. पण चालत गेलेलं माणूस कमरेपर्यंत आत जायचं. म्हणून ज्याची त्याची एक फळी असे. फळीवर एक गुडघा टेकायचा, दुसऱ्या पायानं चिखल मागं रेटायचा, की फळी सुळकन पुढं.

फळी एकाच माणसाचं ओझं पेलायची. दुसरं कुणी चढलं की दोघंही खाली. त्यावरून गावानं कायदाच करून ठेवला होता: ज्याची फळी, त्याचा जीव. कुणी रुतलं तर बाकीच्यांनी काठावर उभं राहून हाका मारायच्या, देवाचं नाव घ्यायचं आणि पाणी चढलं की मान खाली घालून घरी जायचं. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलं होतं. कुणाला त्यात काही वावगं दिसत नसे.

गावात येशूचं एक छोटं देऊळ होतं. कुडाच्या भिंती, वर लाकडाचा क्रूस. तिथला घंटावाला पाणी उलटायच्या आधी घंटा वाजवायचा. घंटा झाली की सगळ्यांनी परत फिरायचं.

सगळे फिरत. तिसऱ्या वेचणारी एक बाई, तिला तिसरेवालीच म्हणत, ती तेवढी फिरत नसे. अंगानं दणकट, जिभेनं त्याहून. सगळ्यांच्या पुढं जायची, सगळ्यांच्या मागून यायची.

"घंटा वाजवायला काय लागतं?" ती म्हणायची. "दोरी ओढली की झालं. आमचं पोट दोरीनं भरत नाही बाबा!"

घंटावाला हसायचा. "बाय, घंटा तुझ्या पोटासाठी नाही, जिवासाठी आहे."

"माझा जीव मी सांभाळीन. तू तुझी दोरी सांभाळ."

एक दिवस घंटा झाली, आणि ती आणखी पुढं गेली. पुढं एका बुडलेल्या खुंटावर तिची फळी आपटली आणि उभी चिरली. तिसरेवाली मांडीपर्यंत चिखलात गेली. पाय उपसायला गेली, तर कमरेपर्यंत गेली. चिखलाचं असंच असतं. जितकी ताकद लावाल, तितका तो आत ओढतो.

काठावर गाव जमलं. हाका झाल्या, देवाचं नाव झालं. लांबून पाण्याची पांढरी रेघ दिसू लागली.

तेवढ्यात एक फळी सरसरत आली. फळीवर घंटावाला.

"जा परत!" ती ओरडली. "माझी मी निघते!"

"निघ की," तो म्हणाला. "किती वर आलीस बघ जरा."

तिनं खाली पाहिलं. चिखल बरगड्यांना लागला होता.

"आता ऐक," तो म्हणाला. "धडपड थांबव. कमरेची पाटी सोड. दोन्ही हात माझ्या गळ्यात टाक, आणि काही म्हणता काही करू नकोस."

भरलेली पाटी सोडणं तिच्या जिवावर आलं. पण सोडली. घंटावाला स्वतः फळीवरून खाली उतरला, चिखलात घट्ट रुतून उभा राहिला आणि मुळा उपटावा तशी त्यानं तिला वर ओढली. फळीवर पालथी टाकली. मग होती नव्हती ती सगळी ताकद लावून फळी काठाकडं ढकलली.

"आणि तू?" ती किंचाळली.

"हातानं वल्हव! मागं बघू नकोस!"

ती काठाला लागली आणि तिची शुद्ध हरपली. फळी काठावर पडून होती. ती घेऊन परत कुणी गेलं नाही. कायदाच तसा होता. मग पाणी आलं.

तिसरेवाली शुद्धीवर आली ती वेगळीच बाई होऊन. देवळाच्या पाद्रीबाबांकडं जाऊन ढसाढसा रडली. "मी त्याला सदा टोचून बोलले. मी घंटा ऐकली नाही. माझ्यासाठी का आला तो?"

"तू चांगली होतीस म्हणून नाही आला," पाद्रीबाबा म्हणाले. "तू बुडत होतीस म्हणून आला. आपला प्रभू असाच आला, बाय. आपण चढून त्याच्यापर्यंत पोचलो नाही. तोच आपल्या चिखलात उतरला आणि आपल्या जागी उभा राहिला. याचंच नाव तारण. ते कमवता येत नाही. गळ्यात हात टाकायचे, एवढंच आपल्या हाती."

हे तिच्या काळजाला भिडलं. पण काळजाला भिडलेलं डोक्यात उतरताना कधीकधी वाकडं उतरतं. तसंच झालं.

तिनं ती फळी घरी आणली. गोड्या पाण्यानं धुतली, खोबरेल लावून चकचकीत केली आणि समोरच्या भिंतीवर टांगली. खाली रोज मेणबत्ती लावू लागली. आसपासच्या गावांची माणसं फळीचं चुंबन घ्यायला येऊ लागली. तिनं चिखलात जाणं सोडलं, जाळी विणून पोट भरू लागली. पांढरं लुगडं नेसू लागली, दिवसातून सात वेळा पाय धुऊ लागली. "ज्यातून प्रभूनं मला काढलं, त्याचा ठिपकासुद्धा अंगावर नको," म्हणायची. कुणी चिखलाच्या पायांनी दारात आलं, की तिथूनच वाटेला लावायची.

असं वर्ष गेलं. एका सकाळी घंटावाल्याची बायको तिच्या दारात उभी राहिली. पाय गुडघ्यापर्यंत काळे.

"बाहेरच थांब गो," तिसरेवाली म्हणाली.

"बाहेरच आहे. एक मागायला आले. आमच्या घरात तेवढी एकच फळी होती. ओहोटीपुरती रोज देशील का? परत आणून देईन. फळीशिवाय काठाकाठानं किती मिळणार? मूठभर तिसऱ्या, त्याही खड्याएवढ्या."

तिसरेवालीनं भिंतीकडं पाहिलं. "अगो, ही आता साधी फळी राहिली का? माझं तारण आहे हे. हिला चिखलात कशी घालू?"

"चिखलात घातली नसती, तर तू आज कुठं असतीस?"

तिसरेवालीला राग आला. खरं बोललेलं फार लागतं. "मी तुला दर रविवारी शेरभर तांदूळ देईन," ती म्हणाली.

"मला हातपाय आहेत, वहिनी. मी तांदूळ मागायला नव्हते आले." आणि ती निघून गेली.

त्या रविवारी तिसरेवालीनं पाद्रीबाबांना विचारलं, "बाबा, माझं तारण झालंय ना?"

"झालंय."

"मग मला चैन का पडत नाही?"

"वाचलीस कशातून, ते तुला ठाऊक आहे," ते म्हणाले. "कशासाठी वाचलीस, ते कधी विचारलंस?"

ती घरी आली आणि आणखी एक मेणबत्ती लावली. काही माणसांना उत्तर मिळालं, की ती घाईनं भलतंच काम काढतात.

पुढच्या ओहोटीला भर दुपारी काठावर ओरडा झाला. तिसरेवाली दारात आली. सगळा गाव तिकडंच धावत होता.

"कोण रुतलं?"

"घंटावाल्याची बायको! फळी नव्हती, पायानंच पुढं गेली!"

तिसरेवालीला दारातूनच खाडी दिसत होती. बाई काठापासून फार लांब नव्हती. फळी नसलेलं माणूस लांब जाणार तरी कसं? पण कमरेच्या वर गेली होती, आणि पाण्याची पांढरी रेघ निघाली होती. काठावर हाका चालल्या होत्या, देवाचं नाव चाललं होतं. जो तो आपापली फळी छातीशी धरून उभा.

तिसरेवाली घरात वळली. मेणबत्ती तिनं फुंकली नाही, तेवढा वेळच नव्हता. ती कलंडून विझली. खिळ्यावरून फळी ओढताना भिंतीचा पोपडा निघून आला. पांढऱ्या लुगड्याचा काष्टा मारून ती धावत सुटली.

"वेडी झालीस का?" एक म्हातारा म्हणाला. "फळी एकाची आहे!"

"म्हणूनच मला उतरावं लागेल," ती म्हणाली.

"एकदा वाचलीस ना देवाच्या दयेनं? परत मरायला जातेस?"

"दया माझी एकटीची होती, असं कुणी सांगितलं तुम्हाला?" आणि तिनं चिखलाला पाय लावला. वर्षभर जपलेला पाय एका ढांगेत काळा झाला.

घंटावाल्याच्या बायकोनं तिला येताना पाहिलं आणि तोंड फिरवलं. "तुझं तारण मळेल," ती म्हणाली.

"मळू दे. हात टाक गळ्यात."

"नको उपकार."

"उपकार कसले? अगो मेले, तुझ्याच घरची फळी परत आणली. आणायला उशीर केला, हा माझा गुन्हा. शिव्या काठावर दे. आधी हात टाक!"

तिनं हात टाकले. तिसरेवाली फळीवरून खाली उतरली, चिखलात रुतून उभी राहिली आणि सगळा जोर लावून तिला वर ओढली. फळीवर पालथी टाकली. ढकलली. आणि स्वतः बरगड्यांपर्यंत आत गेली.

फळी काठाला लागली. पण घंटावाल्याची बायको जमिनीवर चढली नाही. तिथंच गुडघ्यावर उठली आणि गावाकडं तोंड करून म्हणाली, "मागल्या वेळी ही फळी इथंच पडली होती. माझा नवरा तिथं उभा होता. तुम्ही पाहत राहिलात. मी फळी घेऊन परत चाललेय. तुम्ही पुन्हा पाहतच राहा!"

आणि तिनं फळी खरंच वळवली.

मग तो म्हातारा पुढं झाला आणि त्यानं आपली फळी चिखलावर आडवी टाकली. तिच्यापुढं त्याच्या सुनेनं टाकली. मग एकामागून एक, खडखड खडखड, गावानं फळ्या टाकल्या. टोकाला टोक लावून वाट झाली. प्रत्येक फळीवर एकच माणूस पालथं, आणि प्रत्येकाच्या हातात पुढच्याचा पाय. घंटावाल्याच्या बायकोनं तिसरेवालीच्या बगलांत हात घातले आणि सगळ्या गावानं मिळून तिला ओढलं. ती निघाली तेव्हा पाणी तिच्या हनुवटीला लागलं होतं.

आजवर कुणाला सुचलं नव्हतं, की फळी एकाची असली तरी वाट सगळ्यांची होऊ शकते.

त्या दिवसापासून गावाचा जुना कायदा गेला. ओहोटीला सगळे जोडीजोडीनं जाऊ लागले, एकाची फळी दुसरीला लांब दोरीनं बांधलेली. तिसरेवालीनं जोडीला घंटावाल्याची बायको घेतली. दोघी चिखलात मनसोक्त भांडायच्या, पण दोरी सोडत नसत. आणि त्या खाडीनं त्यानंतर कुणाचा जीव घेतला नाही.

बोध एवढाच, लेकरांनो: तारण फुकट मिळतं, पण ते भिंतीवर टांगून ठेवायचं नसतं, ज्याला मिळालं, त्यानं ते घेऊन दुसऱ्यासाठी चिखलात उतरायचं असतं.