उघडा दिवस

एका गावात एक सुतार होता, आणि त्यानं घडवलेल्या, बैलांनी फिरवायच्या रहाटावर अख्खं गाव तरलं होतं. विहीर गावाची, रहाटही गावाचा. कुणीही यावं, चाकाची मापं घ्यावीत, आपल्या गावी तस्साच रहाट बांधावा. "लपवायला ते काय चोरीचं आहे?" सुतार म्हणायचा. आसपासच्या तीन गावांनी तसे रहाट बांधलेही. मापं त्यानं कुठं लिहून ठेवली नव्हती. चाकच समोर होतं की!

व्यापारी रहाटाला काहीबाही जोडायला आणायचे. सुतार नाही म्हणत नसे. पण जोडकाम बाहेरून, खुंटीवर बसवायचं. मूळ लाकडाला हात लावायचा नाही. आणि दर अक्षय्य तृतीयेला सगळं जोडकाम उतरवून रहाट दिवसभर नुसत्या दोरावर, मातीच्या गाडग्यांवर फिरवायचा. गाव त्याला 'उघडा दिवस' म्हणे.

एका वर्षी एक व्यापारी तांब्याचे पोहरे घेऊन आला. गाडग्यांच्या दुप्पट पाणी!

"पण खुंटीवर ते डुगडुगतात हो," तो म्हणाला. "यांच्या साखळीसाठी चाकातच खाचा पाडू या. नको वाटलं तर काढून टाका, सक्ती थोडीच आहे?"

"अहो, बोट दिलं की हात धरतील," सुतारीण म्हणाली.

"एवढ्याशा खाचेनं काय होतंय?" म्हणत सुतारानं पटाशी उचलली.

पाणी दुप्पट झालं, गाव खूश. मग दुसरा व्यापारी लोखंडी दाते घेऊन आला. त्यासाठी चाकाचे लाकडी दाते कापावे लागले. पहिल्याला हो म्हटलेलं, दुसऱ्याला कोणत्या तोंडानं नाही म्हणणार?

अक्षय्य तृतीया आली. "भर उन्हात दिवसभर अर्ध्या पाण्यावर?" लोक कुरकुरले. "ही कसली हौस, सुतारबाबा?"

खरं सांगायचं तर सुताराच्याही मनात पाल चुकचुकत होती. खाचांवर दोर टिकेल का? बघायचीच त्याला भीती वाटली. म्हणून तो म्हणाला, "बरं, पुढल्या वर्षी बघू."

अशी सात वर्षं गेली. गाडगी कुणी मागेना, तेव्हा कुंभारही गाव सोडून गेला.

आणि ऐन वैशाखात पोहऱ्यांची साखळी तुटली. म्हातारा सुतार तीन दिवस चालत पोहरेवाल्या व्यापाऱ्याकडे गेला. व्यापाऱ्यानं गूळपाणी दिलं, आदरानं बसवलं.

"ती साखळी आता आम्ही घडवतच नाही, बाबा. नवी तुमच्या चाकावर बसायची नाही. आमचं चाकच न्या ना! फक्त त्याची मापं कुणाला द्यायची नाहीत."

सुतार उठून चालू लागला. गावी येऊन त्यानं सगळं जोडकाम उतरवलं आणि माळ्यावरची जुनी गाडगी दोराला बांधली. पण चाकाला दाते नव्हते, बैल नुसतेच गोल फिरत राहिले, चाक हललं नाही. माणसांनी हातानं चाक ओढलं, तर खाचांनी दोर कापला आणि गाडगी एकामागून एक विहिरीत जाऊन फुटली. पाणी खाली दिसत होतं, वर येत नव्हतं. केळीच्या बागा उभ्या वाळल्या. एकेका घराला कुलूप लागलं. नवं चाक घडवायला सुताराच्या हातात आता जोर नव्हता, आणि मापंही आठवेनात.

एक दिवस तिन्ही गावांची माणसं मापाची दोरी घेऊन आली.

"बाबा, तुमचं बघून आम्हीही खाचा पाडल्या, दाते कापले. आमचेही रहाट बंद पडलेत. म्हटलं, मूळ चाकाची मापं घेऊन यावीत."

सुतारानं त्या चाकावरून हात फिरवला.

"मूळ कुठं राहिलंय रे लेकरांनो," तो म्हणाला, आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडला. माणसांनी दोरी गुंडाळली आणि परतीची वाट धरली.

तात्पर्य एवढंच: 'नको तेव्हा काढता येईल' म्हणून जोडलेलं मधूनमधून खरंच काढून बघावं. काढायची भीती वाटू लागली, की ते जोडकाम राहत नाही. ते मालक होतं.