गोजरीचा भोपळा

फार फार वर्षांपूर्वी एका नदीकाठी एक गाव होते. घरे या तीरावर आणि शेते पलीकडे. त्यामुळे लहानथोर सगळे रोज होडीतून ये-जा करत.

त्या गावाची एक चांगली रीत होती. मुलगा सात वर्षांचा झाला की त्याच्या पाठीला सुका भोपळा बांधायचा आणि त्याला नदीत सोडायचे. पंधरा दिवसांत पोरगा पोहू लागे.

मुलींना मात्र कोणी भोपळा बांधत नसे. “पोरीची जात म्हणजे काचेचं भांडं,” असे सारे म्हणत. अहो, अख्ख्या गावात काचेची वस्तू एकच होती, पाटलाच्या घरची अत्तराची कुपी! पण काच कशी फुटते, हे जो तो पोरींना सांगे. पोरगी धावली की म्हणत, “तडा जाईल.” झाडावर चढली की खाली ओढत. बोलणाऱ्याचे काय जाते?

नावाड्याची गोजरी सात वर्षांची झाली. ती म्हणाली, “बाबा, मलापण भोपळा बांधा ना.”

नावाड्याने झोपडीतून भोपळा आणलाही. पण घाटावर बसलेला पाटील हसला, “अरे, काचेचं भांडं कुणी नदीत टाकतं का?” बाकीचेही फिदीफिदी हसले. नावाड्याने भोपळा परत खुंटीला अडकवला.

पुढच्याच वर्षी भर नदीत होडीची फळी निखळली. होडीत पाच मुलगे होते आणि गोजरी. मुलगे पोहत काठाला लागले. गोजरीला पाण्याने ओढून नेले. नावाडी बुड्या मारत राहिला. ती हाती लागली, पण फार उशिरा.

पाटील उसासला, “काय करणार! काचेचं भांडं ते. फुटलं.”

जन्मात आवाज न चढवलेला नावाडी ओरडला, “भांडं? पाटील, माझी लेक होती ती! चांगले धडधाकट दोन हात होते तिला. ते पाण्यात कसे मारायचे, हे आपण शिकवलं नाही! तुम्ही हसलात आणि मी भोपळा ठेवून दिला. आपण दोघांनी मिळून बुडवलं तिला!”



तेरावे झाल्यावर नावाडी तोच भोपळा घेऊन पाण्यात उभा राहिला आणि गावच्या पोरींना हाका मारू लागला. पहिली धावत आली ती पाटलाची नात. पाटलाच्या ओठांवर ते जुने बोल आलेच होते. पण घाटावरच्या साऱ्या बाया त्याच्याकडे नुसत्या बघत होत्या. त्याने तोंड मिटले आणि खाली वाकून नातीच्या पाठीला स्वतः भोपळा बांधला.

तात्पर्य: माणसाला जे म्हणाल, तसेच त्याला वागवाल; म्हणून म्हणण्याआधी दहादा विचार करा.