सदोबानं पॅकेटं गाळली

एका तालुक्याच्या गावी एक भोळा सदोबा होता. तो दवाखान्यात, संगणकाच्या खोलीत कामाला लागला. तिथं दोन यंत्रं तारेतून येणाऱ्या-जाणाऱ्या माहितीवर जोडीनं पहारा करत. एक बंद पडलं, तर दुसऱ्यानं काम उचलायचं. म्हणून दोघं सारखी एकमेकांना विचारत, "आहेस ना?" "आहे, आहे."

एके सकाळी वडनेरच्या उपकेंद्रातून एक्स-रे पोचेना. तिकडे एका गवंड्याचा पाय मोडला होता. तो बिचारा कण्हत पडलेला.

खोलीच्या प्रमुख इंदुलकर मॅडम म्हणाल्या, "सदोबा, येणारी-जाणारी पॅकेटं पकड. एक्स-रे कुठं अडकतोय ते बघू."

सदोबा फाटकात जाऊन उभा राहिला. लोकांच्या हातातली दुधाची, बिस्किटांची पॅकेटं पकडून घेऊन आला.

"अरे, ही नाही! तारेतून माहितीचे तुकडे जातात, ती पॅकेटं. हे बटण दाब, फाइलमध्ये उतरतील."

"असं होय!"

सदोबानं बटण दाबलं. फाइल भरभरून वाहिली. जिकडे तिकडे "आहेस ना? आहे, आहे." त्यात एक्स-रे कुठला सापडायला!

"त्या दोघांच्या गप्पा नकोत रे. त्या गाळ."

"असं होय!"

सदोबानं कॅन्टीनमधून चहाची गाळणी आणली आणि पडद्याखाली धरून बसला.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "गाळायचं म्हणजे सोडून द्यायचं. 'आहेस ना' असलं काही आलं, की लक्षच द्यायचं नाही."

"असं होय!"

तेवढ्यात फोन वाजला. वडनेरचे डॉक्टर होते. "इंदुलकर मॅडम आहेत ना?"

सदोबानं फोन ठेवून दिला. पुन्हा वाजला. पुन्हा ठेवला. शेवटी डॉक्टरांनी एक्स-रे कंपाउंडरच्या हाती मोटारसायकलवरून पाठवला. पाय बचावला, पण त्यात सदोबाचा हात नव्हता.

मॅडम कडाडल्या, "माणसांचा फोन घ्यायचा! गाळायचं ते फाइलमधलं. आणि फाइल भरल्यावर गाळत बसू नकोस. आधीच गाळ, मुळातच!"

"असं होय! मुळातच!"

सदोबानं मूळ शोधलं. दोन यंत्रांना जोडणारी तार सापडली. ती त्यानं उपटली. मग दवाखान्यातून येणाऱ्या तारा दिसल्या. त्याही उपटल्या.

दोन्ही यंत्रांना वाटलं, जोडीदार गेला. दोघंही एकटीच कारभार बघायला बसली, आणि बघायला कारभारच उरला नाही. केसपेपर निघेना, औषधांची खिडकी बंद, रांग पार रस्त्यापर्यंत.

मॅडम धावत आल्या. "सदोबा! काय करून ठेवलंस?"

सदोबानं हसत हसत कोरी फाइल पुढं केली.

"बघा मॅडम, नको ते एकसुद्धा पॅकेट आत येऊ दिलं नाही. आता हवं ते कुठलं, तेवढं सांगा."