चिमूटभर राख

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत, तेवढं सांभाळून घ्या.

माणिकशेठच्या साखर कारखान्यामागे राखेचा ढीग असे. गावातल्या बाया भांडी घासायला त्यातली ओंजळभर नेत. एकदा शेठनी हौसाबाईला फाटकावरच अडवलं. "कारखाना माझा, इथली चिमूटभर राखही माझीच. समजलं?"

हौसाबाईनं राख तिथंच टाकली. घरी येऊन पाहते तर गच्चीवर वाळत घातलेले पापड कारखान्याच्या धुरांड्यातून उडालेल्या राखेनं काळे झालेले! त्या पापडांवरच तिचं वर्ष निघायचं. तिनं सगळे पाटीत भरले, तडक कारखान्याची कचेरी गाठली आणि तिथं बसलेल्या पाहुण्यांदेखत पाटी शेठच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"तुमची राख, मालक. रोज आमच्या घरी येऊन बसते. चोरीचा आळ नको, म्हणून परत आणली. झाडून घ्या, अन् माझे पापड होते तसे द्या."

शेठनी एक पापड पुसून पाहिला. डाग जाईना. ते ओशाळून म्हणाले, "धूर कुणाला आवरतो का, बाई?"

"नफा बरा आवरतो, मालक!"

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ उडदाचं पीठ घेऊन हौसाबाईकडे आले. बरोबर आणलेलं आपलं पांढरं धोतर गच्चीवर पसरून ते काळं होईस्तोवर बसून राहिले, आणि उठले ते धुरांड्याला राख अडवणारी जाळी बसवायला सांगायलाच.