हुकमानं गेलेलं रान

आपल्या आजीच्या आजीनंही ही गोष्ट दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकली असेल, इतक्या जुन्या काळची ती आहे. तेव्हा डोंगरांच्या कुशीत एक लहानसं राज्य होतं. तिथला राजा मनानं दयाळू होता. दर भाद्रपदात, जुनं धान्य संपलेलं आणि नवं अजून शेतात उभं, अशा अडनिड्या दिवसांत तो गोरगरिबांना जेवू घालायचा. राजवाड्यापुढच्या माळावर पंगती बसायच्या. पहिला भात राजा स्वतःच्या हातानं वाढायचा. लोक पोटभर जेवायचे, राजाला तोंडभर आशीर्वाद द्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशी निजायचे.

यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. ऊन असतं, वारा असतो, तशी गरिबीही असते, असं सारे धरून चालले होते.

त्या राज्यात डोंगराच्या पायथ्याशी राही नावाची बाई राहायची. तिचं घराणं टोपल्या विणणारं. पण विणायला वेळू कुठला? कुणाच्या परसातला एखादा मागून आणायचा, त्याचं सूप नाहीतर रोवळी करायची आणि बदल्यात पसाभर ज्वारी घ्यायची. तिच्या दारातून वेळूचं बन दिसायचं. वारा सुटला की त्याची सळसळ घरात यायची. पण बनाला काटेरी कुंपण होतं आणि कुंपणाबाहेर राजाचे राखणदार फिरायचे. ते रान राखीव होतं.

राहीची आई फार म्हातारी झाली होती. तिला दिसत नव्हतं. हात मात्र गप्प बसत नव्हते. मांडीवर काही नसलं तरी बोटं आपली चालूच, वर, खाली, वेळूची आडवी कामटी, उभी कामटी.

एका दुपारी राहीनं विचारलं, "आई, काय विणतेस गं?"

"पाटी," म्हातारी म्हणाली. "तळ्यावरच्यांना मासळी वाहायला लागते ना, तसली. सकाळी आपण साऱ्याजणी बनात जाऊ, तेव्हा जरा जून वेळू बघ. कोवळा नको."

"बनात कसं जाणार, आई? कुंपण आहे."

म्हातारी हसली. "हो की. विसरलेच मी. कुंपण नंतर आलं."

राहीच्या हातातलं काम थांबलं. तिच्या जन्माआधीपासून ते कुंपण तिथं होतं. ते कधी नव्हतं, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

मग म्हातारी बोलत राहिली. ती मुलगी होती तेव्हा बायका गाणी म्हणत रानात शिरायच्या. ओल्या वेळूचा वास दिवसभर अंगाला यायचा. मेंढरं डोंगरउतारावर चरायची. आतल्या तळ्यावर मासे धरणारे होडगी सोडायचे. टोपलीला मासळी, मासळीला लोकर, लोकरीला धान्य, असं सारं घरोघर फिरत राहायचं. "मग एक दिवस दवंडी आली," म्हातारी म्हणाली. "राजाला शिकारीसाठी रान हवं. बस्स. एवढंच."

"म्हणजे आई, आपण पहिल्यापासून गरीब नव्हतो?"

"गरीब? अगं, आपल्या ओसरीवरनं पाहुणा जेवल्याशिवाय उठत नव्हता!"

त्याच थंडीत म्हातारी गेली. राहीला तिच्या हातांची फार आठवण यायची. त्या आठवणीला लागूनच एक विचार यायचा आणि तो तिला स्वस्थ बसू देत नव्हता. देवानं दिलेली गरिबी माणूस काय परत करणार? पण आपली गरिबी तर दवंडीनं आलेली. मग एक दवंडी जे घेऊन गेली, ते दुसरी दवंडी परत आणू शकेल की नाही?

ती बिरू मेंढक्याकडे गेली. बिरूची मेंढरं केव्हाच संपली होती. उरली होती ती खांद्यावरची घोंगडी.

"बिरूतात्या, तुमच्या लहानपणी मेंढरं कुठं चरायची?"

बिरूनं डोंगराकडे बघितलं. मग त्याला एकेका मेंढीचं नाव आठवायला लागलं. तो बोटांवर एकेक नाव मोजत गेला.

"हे सगळं राजाला सांगू या, तात्या."

"वेडी का खुळी तू?" बिरू म्हणाला. "राजा जेवू घालतो. जास्त बोललो तर तेही तुटेल."

"जेवण वर्षातून एकदा मिळतं. भूक रोज लागते."

बिरूनं घोंगडी झटकली आणि तो तिच्याबरोबर निघाला.

दोघं गावोगाव फिरले. राहीला भाषण येत नव्हतं, तिला येत होतं विचारायला. कुठल्याही गावात गेली की ती सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या पायाशी बसायची आणि म्हणायची, "बाबा, पूर्वी इथं काय होतं?" मग म्हातारा सांगायला लागायचा. लेकी-सुना कामं टाकून ऐकायला यायच्या. तरण्या पोरांना आपल्या आज्याच्या तोंडचं हे सारं नवं असायचं. कुणी म्हणे तळ्याच्या काठावर बगळ्यांची शाळा भरायची. कुणी मधाच्या पोळ्यांची गोष्ट काढी. ऐकता ऐकता कुणीतरी विचारायचंच, "मग ते गेलं कुठं?" आणि राहीला तेवढंच हवं असायचं.

सगळेच काही खूश होत नव्हते. एका गावी एक बाई कडाडली, "मेलेल्या दिवसांची गाणी गाऊन चूल पेटते होय? भाद्रपदात माझी लेकरं एकदा पोटभर जेवतात. तुझ्या पायी तेवढंही गेलं, तर तू जेवू घालणार आहेस का?"

राहीनं ते बोलणं मनात ठेवलं.

भाद्रपद आला. माळावर पंगती बसल्या, पत्रावळी मांडल्या. राजानं भात वाढला, वाढप्यांनी वरण वाढलं. गरम वाफा निघत होत्या. लेकरं जेवायला लागली. पण मोठ्यांपैकी एकाचाही हात पानाला लागला नाही. सारे हात जोडून बसले. मोठ्यांनी जेवायचं नाही, पण लेकरांना उपाशी ठेवायचं नाही, असं राहीनं सर्वांशी आधीच ठरवलं होतं.

राजाचा कारभारी संतापला. "राजाच्या अन्नाचा अपमान करता?"

"नाही, सरकार," राही उठून म्हणाली. "अन्नाला आम्ही हात जोडलेत. पण आमचं मागणं ऐकल्याखेरीज घास उतरणार नाही."

राजा पुढं आला. "काय कमी पडलं तुम्हाला? गोड हवं? दोन दिवस पंगती हव्यात?"

"महाराज, आम्हाला तुमच्या पंगतीला यायची वेळच येऊ नये, असं काहीतरी करा. रान उघडं करा. आम्ही विणू, मेंढरं राखू, मासे धरू. आमचं पोट आम्ही भरू."

राजाला ते लागलं. इतकी वर्षं ज्यांना मायेनं वाढलं, त्यांना आपलं जेवण नको झालं! तो म्हणाला, "तो हुकूम माझ्या आजोबांचा. मी दिलेला नाही."

"तुम्ही दिला नाहीत, महाराज," राही हळूच म्हणाली, "पण तुम्ही चालवता आहात."

राजा पाठ फिरवून आत निघून गेला. वाढलेली पानं तशीच निवली.

परतीची वाट फार जड होती. पोटात आग आणि हातात काही नाही. जे सकाळी राहीच्या शेजारी बसले होते, तेच आता तिला बोल लावायला लागले. "तेलही गेलं, तूपही गेलं," कुणी म्हणालं. बिरू तिच्या पाठीमागून खोकत चालला होता. राहीला वाटलं, मागे बघू नये, घरी जावं आणि दार लावून घ्यावं.

तेवढ्यात ती कडाडणारी बाई तिच्या बाजूला आली. "माझ्या लेकरांना जेवू दिलंस," ती म्हणाली. "आता पुढं कधी जायचं राजाकडं?"

मग ते पुन्हा गेले. दर पुनवेला जात राहिले. सकाळी पोहोचायचं आणि राजवाड्याच्या दारापुढं शांत बसायचं. ओरडायचं नाही, दगड उचलायचा नाही. एकेका म्हाताऱ्यानं उठायचं आणि आपल्या वेळचं रान सांगायचं. पहारेकऱ्यांनी हाकललं तर थोडं लांब जाऊन बसायचं. कारभाऱ्यानं एकदा बिरूला कोठडीत टाकलं. पुढच्या पुनवेला बिरूची म्हातारी बायको उठली आणि मेंढ्यांची नावं तिनं सांगितली.

राजा आधी खिडकी लावून घ्यायचा. मग त्यानं ती किलकिली ठेवली. हळूहळू तो पुनवेची वाटच बघायला लागला. त्याच्याच राज्यातल्या त्या गोष्टी होत्या आणि त्या त्याला कुणी कधी सांगितल्या नव्हत्या. एका पुनवेला तो जिना उतरून खाली आला आणि लोकांत येऊन बसला. त्या दिवशी एक आंधळा कोळी तळ्याबद्दल सांगत होता. पहाटे पाण्यावरनं धुकं कसं उठायचं, होडगं पुढं जाताना ते कसं बाजूला व्हायचं. सांगून झाल्यावर कोळी म्हणाला, "आता मला दिसत नाही, तरी तेवढं दिसतं."

राजानं कारभाऱ्याला विचारलं, "मी शेवटची शिकार कधी केली?"

कारभारी चाचरला. "आपण... आपण शिकारीला कधी गेलाच नाहीत, महाराज. आपल्या वडिलांनाही तो नाद नव्हता."

"मग इतकी वर्षं आपण ते रान कुणासाठी राखतो आहोत?"

कुंपण होतं म्हणून राखणदार होते, आणि राखणदार होते म्हणून कुंपण होतं.

राजानं आधी बिरूला सोडवलं आणि स्वतः त्याची क्षमा मागितली. दवंडी निघाली. राखणदारांनीच आपल्या हातांनी काटे ओढून काढले. पण इतक्या वर्षांत तळं गाळानं भरलं होतं, त्याचा बांध फुटला होता, वेळूची बेटं एकमेकांत अडकून वाळून गेली होती. कुंपण निघालं म्हणून लगेच कुणाचं घर भरलं नाही. तेव्हा राही पुन्हा राजाकडे गेली. राजानं कोठारातलं धान्य काढलं आणि बांध घालणाऱ्यांना, गाळ उपसणाऱ्यांना घरोघरी पोचवलं. मेंढक्यांना मेंढ्या दिल्या. कोवळे कोंब कुणी तोडायचे नाहीत, हा नियम लोकांनीच घालून घेतला.

काही वर्षं गेली. भाद्रपदाच्या पंगती आखूड होत गेल्या. एका वर्षी माळावर एवढी थोडी माणसं आली, की राजा हिरमुसला. तो घोड्यावरून थेट राहीच्या दारी आला. ती पाटी विणत होती.

"माझ्याकडे कुणी येईनासं झालं," राजा म्हणाला.

राहीनं त्याला बसायला चटई घातली, पुढं ताक ठेवलं. म्हणाली, "महाराज, लेक सासरी सुखात असली की माहेरी फेऱ्या कमी होतात. आई-बापानं त्याचं वाईट वाटून घ्यायचं नसतं."

राजा हसला, आणि हसताना त्याचे डोळे भरून आले.

तो राजाही पुढं देवाघरी गेला. त्याचा मुलगा गादीवर बसला. त्याला शिकारीचा भारी नाद. त्यानं दवंडी पिटवली, रान पुन्हा बंद होणार.

राही तेव्हा इतकी थकली होती, की उंबरा ओलांडायलाही आधार लागायचा. त्या सकाळी तिला दाराबाहेर पावलांचा आवाज आला. शेजारची सून डोकावली. "आजी, आम्ही निघालो राजाकडं."

"मलाही न्या गं," राही म्हणाली. "काय बोलायचं ते सांगते."

"तू बस, आजी. काय बोलायचं ते आम्हाला ठाऊक आहे."

क्षणभर राहीला वाईट वाटलं. मग ती भिंतीला टेकून पावलं ऐकत राहिली. किती जण होते कोण जाणे, संपतच नव्हते. तिला ते उन्हातले रस्ते आठवले. बिरूतात्याचं खोकणं आठवलं, झाडाखाली दोघांत मोडून खाल्लेली भाकरी आठवली. पायांना फोड यायचे, लोक दारं लावून घ्यायचे. तरी किती गोड दिवस होते ते! ती मनाशी म्हणाली, एकदा, फक्त एकदा, पुन्हा तसं चालता यायला हवं होतं.

संध्याकाळी माणसं गाणी म्हणत परतली. नव्या राजानं सज्ज्यातून माळाकडे पाहिलं होतं. माळ माणसांनी भरला होता, आणि राजाला एकही पत्रावळ दिसली नाही. जेवायला कुणीच आलं नव्हतं; घास देऊन गप्प बसवता येतील अशी ही माणसं नव्हेत, हे त्याला कळलं. त्यानं आपली दवंडी मागे घेतली, आणि पुढं कुठल्याही राजानं त्या रानाला कुंपण घातलं नाही.

म्हणून बाळांनो, लक्षात ठेवा: भुकेल्याला घास देणं ही राजाची दया, भूकच उरू नये असा कारभार करणं हा राजाचा धर्म, आणि तो धर्म पाळला जाईपर्यंत सर्वांनी मिळून मागत राहणं हा प्रजेचा धर्म.