ठकूची पाठ

फार वर्षांपूर्वी, सांदवडीच्या ओढ्यावर अजून एकही बंधारा टिकला नव्हता, तेव्हाची ही हकिगत. गावात लोणाऱ्यांची पाच-सात घरं होती. लोणारी म्हणजे दगड भाजून चुना करणारे. त्यांच्यात ठकू नावाची बाई होती. तिचा चुना इतका पांढरा, की त्याच्या ढिगावर बगळा बसला तर नुसते पाय आणि चोच दिसायची, असं म्हणतात. देऊळ रंगवायचं असो की लग्नघर, लोक आधी ठकूचं दार वाजवत.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि भिवरा घरात आली. अंगानं किरकोळ, बोलायला कमी. ठकू टेकडीवरचा पांढराशुभ्र दगड भाजायची. भिवरानं ओढ्याकाठची मातकट चुनखडी वेचली. लाकडाचा एक थर, चुनखडीचा एक थर अशी भट्टी रचली आणि तीन दिवस धगधगत ठेवली. दगड निम्म्यानं हलका झाला तेव्हा बाहेर काढला, वर पाणी शिंपडलं. दगड फुसफुसला, फुगला, उकळला आणि त्याचं पीठ झालं. पण पीठ निघालं राखाडी.

ठकू खदखदून हसली. "अगं, चुना केलास की चूल झाडलीस?"

"दिसायला नाही बरा, जाऊबाई," भिवरा म्हणाली. "पण चिकट आहे."

त्याच साली गावानं बंधारा बांधायला काढला. आधीचे दोन बंधारे पुरानं नेले होते आणि खालच्या आळीतली माणसंही नेली होती. म्हणून लांबून शिद्राम गवंडी बोलावला. शिद्रामनं दोघींच्या चुन्याचा एकेक गोळा केला आणि पाण्यानं भरलेल्या घागरीत सोडला. आठव्या दिवशी सगळ्या गावासमोर हात घालून गोळे काढायला गेला. ठकूच्या गोळ्याचं दही झालं होतं, बोटांतून गळून गेलं. भिवराचा गोळा त्यानं दगडावर आपटला, तर दगडाचा टवका उडाला.

"पांढरा चुना वाऱ्यावर सुकतो," शिद्राम म्हणाला. "पाण्यात तो काय धरणार? या राखाडीत मातीचा अंश भाजलाय, तो पाण्यातच दगड होतो. पायाला हाच पाहिजे. वरच्या गिलाव्याला ठकूबाईंचा घेऊ."

वरच्या गिलाव्याला! त्या दिवसापासून ठकूला अन्न गोड लागेना. पाणवठ्यावर बायका भिवराचं नाव काढत, की हिच्या हातातली घागर जड व्हायची. नवरा जेवताना म्हणाला, "धाकटीनं नाव काढलं हो घराण्याचं," तर ठकूनं त्याच्या पानात भाकरी आपटली. भिवरा आजारी पडावी, असंही एकदा तिच्या मनात आलं.

आणि भिवरा खरंच तापानं फणफणली. बंधाऱ्याचं एकच खिंडार बुजवायचं राहिलं होतं. अंथरुणातून ती म्हणाली, "जाऊबाई, चुना भाजून ठेवलाय. एवढा शेवटचा घाणा तुम्ही काढा. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

ठकू भर दुपारी चुना दळायच्या बैलघाण्यावर गेली. भिवराचा ढीग तिनं पळसाच्या पानांखाली झाकला. आपला पांढरा चुना घाण्यात ओतला, रंग यावा म्हणून भट्टीतली राख मिसळली आणि बैल हाकले. शिद्रामनं तोच चुना घेऊन खिंडार बुजवलं. ठकूला त्या रात्री कितीतरी दिवसांनी झोप लागली.

आठच दिवसांत आषाढ लागला आणि ओढा तुडुंब भरला. अन् काय नवल! भिंतीच्या बरोबर मधून दूध पाझरायला लागलं. पांढरंफटक दूध. गाव लोटलं. कुणी नारळ फोडला, कुणी कुंकू वाहिलं. एक म्हातारी ठकूच्या पाया पडली. "तुझ्याच हातचा घाणा होता ना गं हा? देवानं तुझ्या हाताला दूध दिलं."

इतके दिवस जे ऐकायला तिचे कान आसुसले होते, तेच ते शब्द. ठकूनं म्हातारीला पाया पडू दिलं, असं म्हणतात. तेवढ्यात धार बोटाएवढी होती ती मनगटाएवढी झाली. खालच्या आळीतली पोरं त्या दुधात हात घालून खेळत होती.

"दूध नाही ते!" ठकू किंचाळली. "माझा चुना धुपतोय! मी भिवराचा चुना पळसाच्या पानांखाली लपवला. पळा, भिंत फुटतीय!"

लोक पळाले. ठकू मात्र उलटी धावली आणि त्या भोकाला पाठ लावून उभी राहिली. तापातली भिवरा हे ऐकून उठली. पानांखालचा ढीग काढला, दळला, मळला आणि घमेल्यामागून घमेलं घेऊन आली.

"बाजूला व्हा, जाऊबाई. चुना भाजेल तुम्हाला."

"थाप तू! मी हलले तर सगळं जाईल."

भिवरा रडत रडत तिच्या पाठीभोवती चुना थापत गेली. तीन दिवस ठकू तशीच उभी होती. पाऊस थांबला नाही आणि तीही हलली नाही. चौथ्या दिवशी ती भिंतीपासून सुटली तेव्हा मागे धार नव्हती, नुसता तिच्या पाठीचा ठसा होता. तिची पाठ दगडासारखी झाली होती. पुढे वीस वर्षं जगली, पण कधी उताणी झोपली नाही. भिवरा रोज तिच्या पाठीला तेल लावी. दोघी काय बोलत, ते कुणाला कळलं नाही.

बंधारा आजही उभा आहे. त्या जागेला ठकूची पाठ म्हणतात. आषाढात सांदवडीच्या बायका राखाडी चुन्याचं घमेलं घेऊन तिथं जातात. वर्षभर जिचा हेवा वाटला, तिचं नाव प्रत्येक बाई मोठ्यानं घेते आणि मूठभर चुना त्या ठशात थापते. घमेलं धरायला उभी असते तीच, जिचं नाव घेतलं. कुणी हसत नाही, कुणी रागावत नाही. मग दोघी एकाच पाण्यात हात धुतात आणि घरी जातात.