दस्तगीरबाबांनी खेळलेला डाव

"...पण बाबा, एवढ्याशा वेळात वर टिकायचं कसं?"

केतकीने दुसऱ्यांदा विचारलं. दस्तगीरबाबा दर्ग्याबाहेरच्या लिंबाखाली बसून मोरपिसांचा कुंचा बांधत होते. त्यांनी दोरा दातांत धरला होता. त्याची गाठ मारून झाल्यावरच त्यांनी तोंड उघडलं.

"वर म्हणजे कुठं?"

"फोनवरच्या कॅरममध्ये. हे बघा. सगळ्यात वर हा हिरा गट. मी त्यात आहे. आमच्या शाळेतलं कोणीच इथवर आलेलं नाही. मुलंसुद्धा नाहीत."

"मग झालं की. आता आभाळात जायचंय का?"

केतकी हसली नाही.

"शेवटच्या जागेवर आहे मी. आज दिवस मावळला की हंगाम संपतो. तेव्हा हिरा गटात जे असतील त्यांना पुण्याला बोलावणार. खऱ्या बोर्डावर खेळायला."

"शेवटच्या जागेवरच्यालाही?"

"हो. पण माझ्या मागं एक आहे. 'धुरळा' असं नाव लावतो. तो एक डाव जिंकला की माझ्या पुढं, आणि मी बाहेर."

"आणि तू जिंकलीस तर?"

"तर तो मला गाठू शकत नाही. पण हरले तर मी आपणहूनच खाली."

"मग खेळ आणि जिंक."

"वेळ कुठाय बाबा? बाकीच्यांकडे स्वतःचे फोन आहेत. दिवसभर खेळतात. आमच्या घरी एकच फोन. आईने कुकर लावला की उतरेपर्यंत माझा. नाहीतर गुरुवारी इथं, ती आत फुलं वाहून बायकांशी बोलत बसते तेवढा वेळ."

"आज गुरुवारच आहे."

"हो..."

"आणि तुझी आई आत आहे."

"हो."

बाबा वाट बघत राहिले.

केतकीचा अंगठा 'खेळा' लिहिलेल्या हिरव्या बटणावर होता. टेकलेला नव्हता, वरच थांबला होता. फोनचा उजेड मंदावला. तिने कडेला बोट लावून तो पुन्हा उजळवला. अंगठा परत तिथंच गेला, आणि तिथंच थांबला.

"हिरा गटात आल्यापासून किती डाव खेळलीस?"

केतकीने नखाने फोनची कड खरवडली.

"बेटा?"

"एकही नाही."

"मग कुकर उतरेपर्यंत करतेस काय?"

"धुरळा कुठवर आला ते बघते."

हे बोलताना तिची मान खाली गेली. बाबा हसतील असं तिला वाटलं होतं. ते हसले नाहीत.

"बाबा, तुमच्याकडे लोक ताईत मागायला येतात. कुणाचं बाळ रात्री दचकतं, कुणाला विहिरीपाशी भ्या वाटतं. मलाही द्या ना एखादा. म्हणजे... मी दंडाला बांधून खेळेन."

"आण इकडं."

त्यांनी हात पुढं केला. ते फोनवर फुंकर घालतील, काहीतरी पुटपुटतील, असं केतकीला वाटलं. तिने दोन्ही हातांनी फोन दिला.

बाबांनी तो मांडीवर ठेवला. चष्मा सदऱ्याला पुसला. आणि हिरवं बटण दाबलं.

"बाबा!"

बोर्ड उघडला. समोर अकोल्याचा कुणी गडी आला होता.

"नको! बाहेर पडा! नाही, नाही, बाहेर पडलं तरी हार धरतात... बाबा, काय केलंत हे!"

"तरुणपणी खेळायचो आम्ही. पावडर टाकून," बाबा म्हणाले. "कुठं दाबायचं?"

"स्ट्रायकर मागं ओढायचा आणि सोडायचा. हळू! एवढा नाही!"

स्ट्रायकर सरळ भोकात गेला.

"या खुदा. फारच गुळगुळीत आहे हे."

केतकीने डोळे झाकले. परत उघडले. पुढच्या खेपेला बाबांनी एक सोंगटी घेतली, मग कडेला धडकवून दुसरी.  बाबा पुढं वाकले. त्यांनी राणीवर नेम धरला.

राणी गेली.

"आता लगेच आपली एक सोंगटी घ्यावी लागते, नाहीतर राणी परत येते! ती डावीकडची. ती घ्या, बाबा, ती सोपी आहे..."

सोंगटी भोकाच्या काठावर जाऊन थांबली.

राणी परत मधोमध आली. अकोल्याच्या गड्याने तीही घेतली आणि उरलेलं सगळंही घेतलं.

पडदा लाल झाला. केतकीचं नाव हिरा गटातून सुटून खालच्या यादीत जाऊन बसलं. वर तिच्या जागी धुरळा होता.



"माझं पुणं गेलं," ती म्हणाली.

"हं."

"नुसतं हं?"



तिने फोन हिसकावून घेतला. पायऱ्यांवर ऊन अजून होतं. आतून बायकांचे आवाज येत होते, त्यांत आईचाही. ती उठली की इकडेच येणार होती.

केतकीने यादी उघडली नाही. अंगठा बटणावर दाबला, इतका जोरात की नख पांढरं पडलं.

नवा बोर्ड आला. नवा गडी आला. फोडायची खेळी तिचीच होती. तिने स्ट्रायकर मागं ओढून सोडला. दोन सोंगट्या गेल्या. मग आणखी एक.

"तुम्ही मुद्दाम हरलात," मान वर न करता ती म्हणाली. "मला शिकवायला. मोठी माणसं असंच करतात. दुसऱ्याचं घालवायचं आणि वर शहाणपण सांगायचं."

 मग तिने वर बघितलं.

बाबांनी कुंचा बाजूला ठेवला होता. त्यांनी उजवा हात तिच्यासमोर धरला. बोटं हलत होती. त्यांनी ती डाव्या हाताने आवळून धरली, आणि सोडली. ती पुन्हा हलायला लागली.

"जिंकायलाच बसलो होतो, बेटा," ते म्हणाले. "राणी गेली तेव्हापासून हाताला हे कापरं सुटलंय. बघ... अजून थांबत नाही."